पहिल्यांदाच विभाजनाला निघालेल्या गुणसूत्रांसाठी काही सूचना

कामतघरला एका यंत्रमागाच्या गाळ्यावर माझी खोली आहे. खाली माग चालतात, वर माझी शिकवणी. दहावी-बारावीच्या पोरांना मी बरीच वर्षं अर्धगुणसूत्री विभाजन शिकवतो आहे. खालच्या खडखडाटात त्यांना ते अर्धंच ऐकू जातं, आणि विषयाच्या नावातच अर्ध आहे म्हणून मीही फार मनावर घेत नाही. पोरं आकृती ठीक काढतात, नावं देतात, आणि ‘गुणसूत्रांत अदलाबदल का होते?’ असं विचारलं की ‘विविधता यावी म्हणून’ एवढं लिहून गुण घेऊन मोकळी होतात. मला ते उत्तर पटत नाही. का पटत नाही हे सांगायला घेतलं की तास संपतो. म्हणून यंदा ठरवलं, ज्यांना हे प्रत्यक्ष करायचं आहे त्यांनाच थेट सांगावं. गुणसूत्रांनो, हे पत्रक तुमच्यासाठी. नीट वाचा. बोर्डासारखी पुरवणी परीक्षा इथे नसते.

हे काम तुमचं आहे का?

तुम्ही यकृतात, कातडीत किंवा गुडघ्यात राहत असाल तर पत्रक घडी घालून ठेवून द्या. तुमच्याकडचं विभाजन म्हणजे झेरॉक्सचं दुकान: एकाचे दोन, दोन्ही सारखे. अदलाबदलीचं काम चालतं ते वृषणात आणि अंडाशयात. झाडात राहत असाल तर फुलात. माणसात असाल तर तुम्ही ४६ आहात, म्हणजे २३ जोड्या. आंब्यात असाल तर ४०. जोडीतलं एक आईकडून आलेलं, दुसरं वडिलांकडून. आजवर तुम्ही दोघं एकाच केंद्रकात राहिलात, पण समोरासमोर कधी आला नाहीत. चाळीत असतं तसं. भिंतीपलीकडच्याच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, बोलणं मात्र नाही.

निघण्याआधी स्वतःची एक नक्कल काढा. ही नक्कल म्हणजे तुमची जुळी बहीण. तिला सोडून द्यायचं नाही. कोहेसिन नावाची प्रथिनं कड्यासारखी दोघींभोवती बसतात आणि लांबीभर चिकटवून ठेवतात. म्हणजे जोडी जमली की दोन धागे नसतात, चार असतात. हिशेब चुकतो तो इथेच. वहीत चाराऐवजी दोन धागे काढले की पुढची सगळी आकृती चुकली म्हणून समजा.

जोडीदार

आपल्याकडे सोयरीक जमवताना सगोत्र चालत नाही. इथे सगोत्रच लागतं. एक नंबरच्या गुणसूत्राला एक नंबरचंच हवं, एकविसाला एकविसाचंच. लांबी तीच, जनुकांचा क्रम तोच, फक्त मजकुरात कुठेकुठे अक्षराचा फरक. पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी लग्न लागतं. इथे तेवढ्यावर भागत नाही.

शोधायचं कसं? टोकं केंद्रकाच्या आवरणाला टेकवा आणि सगळ्यांनी एका बाजूला गर्दी करा. शास्त्रज्ञांनी या गर्दीला पुष्पगुच्छ असं नाव दिलं आहे. त्यांनी सकाळी आठ वाजता अंजूरफाटा पाहिलेला नसणार. केंद्रकाबाहेरून तुमची टोकं धरून तुम्हाला इकडून तिकडे ओढलं जाईल. या रेटारेटीत जो अंगावर येईल तो आपला आहे का बघा. नसेल तर सुटा आणि पुढच्याकडे जा.

पण नुसतं अंगावर आल्याने ओळख पटत नाही. त्यासाठी आधी एक गोष्ट झालेली असावी लागते. ती मी मुद्दाम मागे ठेवली, तुम्ही घाबराल म्हणून.

कापून घ्या

खाली मागावर काय होतं ते आधी सांगतो. बीमवरून ताण्याचे शेकडो उभे धागे येतात. त्यातला एक तुटला की विणकर माग थांबवतो. तुटलेलं टोक शोधतो, वरच्या दांडीला लटकवलेल्या सुट्या धाग्यांतला एक ओढतो, गाठ मारतो, मागाच्या वहीच्या डोळ्यातून आणि फणीतून तो पुढे काढतो आणि पुन्हा माग सुरू करतो. तेवढा वेळ कापड विणलं जात नाही, आणि मजुरी मीटरवर. त्यामुळे धागा तुटणं म्हणजे शिवी. अख्ख्या गल्लीत कोणी सांगितलं की अमका आपले धागे स्वतःच कापत सुटला आहे, तर शेठ त्याला दारात उभा करणार नाही.

तुम्हाला नेमकं हेच करायचं आहे.

स्पो-११ नावाचं एक प्रथिन येईल आणि तुम्हाला आरपार कापेल. एक पदर नाही, दोन्ही पदर. क्ष-किरणांचा मारा झाला की डीएनएची जी मोडतोड होते, तीच ही. एरवी असा एक जरी घाव पडला तरी पेशी हातातलं काम टाकून दुरुस्तीला धावते. इथे माणसाच्या किंवा उंदराच्या एका पेशीत असे दोनशे-तीनशे घाव पेशी आपणहून घालून घेते. हीच कात्री यीस्टमध्ये आहे, आंब्यात आहे, तुमच्यात आहे. कुठे कापायचं याची खूण माणसात पीआरडीएम-९ नावाचं दुसरं प्रथिन करून ठेवतं, शिंपी खडूने करतो तशी. हे खुणेचं प्रकरण २०१० मध्ये उलगडलं, म्हणजे माझ्या कॉलेजच्या वह्यांत ते नाही. रद्दीत घालायला आणखी एक कारण.

यीस्टमधून किंवा उंदरातून ही कात्री काढून घेतली तर काय होतं? गुणसूत्रं शाबूत राहतात, एक ओरखडा नाही. आणि त्यांच्या जोड्या धड जमत नाहीत. अंगावर घाव नसलेलं गुणसूत्र आपला जोडीदार ओळखू शकत नाही.

उसना धागा

घाव पडल्यावर टोकं तशीच ठेवायची नाहीत. प्रत्येक टोकाचा एक पदर कुरतडून आखूड करा, म्हणजे दुसरा शेपटीसारखा लोंबत राहील. या शेपटीवर प्रथिनांचा थर चढेल. आता ही शेपटी शेजारच्या धाग्यांत खुपसून बघत सुटायचं: इथला मजकूर माझ्याशी जुळतो का? इथला? इथला?

सर्वांत जवळ तुमची बहीण आहे, कोहेसिनने बांधलेली, अक्षर न् अक्षर सारखी. तिच्याकडून बघून तुटलेला भाग भरून काढणं सोपं आहे, आणि मोह होईल. आवरा. इथला शिष्टाचार असा की बहिणीला सोडून जोडीदाराकडे जायचं. त्याच्या पदरांत शेपटी घुसवायची, त्याचा मजकूर समोर ठेवून आपला हरवलेला भाग लिहून काढायचा. बहिणीकडे का जायचं नाही ते गाठीच्या भागात कळेल.

हे मी वर्गात धाग्यांनी करून दाखवतो. खालून वेस्टचं सूत आणतो. टेबलावर दोन लाल, दोन पांढरे. मध्ये क्लिप लावली की तो गुणसूत्रबिंदू. मग कात्रीने एक लाल आणि एक पांढरा एकाच ठिकाणी कापायचा आणि लालला पांढरा, पांढऱ्याला लाल अशा दोन गाठी मारायच्या. फार वर्षं हा खेळ मी याच क्रमाने केला. मागच्या वर्षी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील खालच्याच मागांवर आहेत.

‘सर, लाल तुटला म्हणून पांढरा कशाला कापला? पप्पांचा धागा तुटला तर ते शेजारचा चांगला धागा कापत नाहीत.’

मी म्हटलं, बाळा, पुस्तकात असंच आहे. ती बसली. मी रात्री जेवताना विचार केला आणि भाकरी गार झाली. तिचं बरोबर होतं. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी कापले जातात आणि टोकं बदलतात, ही जुनी समजूत. खरा क्रम असा आहे की कात्री लागते ती एकालाच. जोडीदार शाबूत असतो. तुटलेला त्याच्याकडे उसनवारीला जातो. बहुतेक वेळा उसनवारी तिथेच संपते. शेपटी जाते, मजकूर बघून घेते, परत येते, आपल्याच दुसऱ्या टोकाला जुळते. चहासुद्धा घेत नाही. अदलाबदल झालीच नाही. पण काही ठिकाणी शेपटी परत येत नाही. दुसरं टोकही त्यातच अडकतं आणि दोन्ही गुणसूत्रांचे पदर एकमेकांत गुंतून बसतात. या गुंत्याची कल्पना रॉबिन हॉलिडे या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मांडली, म्हणून त्याला हॉलिडे सांधा म्हणतात. मागांच्या सुट्टीशी त्याचा संबंध नाही. हा गुंता सोडवायला पुन्हा कात्री येते, आणि आता कुठे पांढरा कापला जातो. सांधे योग्य बाजूने कापले गेले की लालाचं शेपूट पांढऱ्याला, पांढऱ्याचं लालाला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तसं सांगितलं. त्या मुलीने पुढे येऊन तुटलेले दोन लाल धागे उचलले, एका हाताच्या दोन बोटांत धरले आणि काही कळायच्या आत गाठ मारून टेबलावर ठेवली. माझी गाठ शेंगदाण्याएवढी होती, तिची मोहरीएवढी. मग तिनेच विचारलं, ‘पण सर, कापडावरून बोट फिरवलं की गाठ लागते. पेशीत लागते का?’

नाही लागत. गुणसूत्रांनो, इथे तुम्ही आमच्या गल्लीच्या पुढे आहात हे मान्य करतो. जिथे जुळलात तिथे एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. शिवण कुठे आहे हे नंतर कोणालाही बोटाने सांगता येत नाही. आईकडचा मजकूर कुठे संपला आणि वडिलांकडचा कुठे सुरू झाला, हे वाचूनच ओळखावं लागतं. मात्र एक सावधगिरी. सारखे दिसणारे दोन परिच्छेद शेजारी शेजारी असतील तर तिसऱ्याच जागी जुळू नका. एक्स गुणसूत्रावर लाल आणि हिरवा रंग ओळखण्याची जनुकं अशीच एकापुढे एक आहेत, जवळजवळ सारखी. तिथे एक घर सरकून जोडणी झाली की एकाकडे जनुक जास्त जातं, दुसऱ्याकडे कमी पडतं. कितीतरी पुरुषांना लाल आणि हिरवी कांडी वेगळी ओळखता येत नाही त्याचं मूळ या चुकीत असतं.

किती आणि कुठे

दोनशे-तीनशे घावांपैकी पुरुषाच्या पेशीत साधारण पन्नास ठिकाणी खरी अदलाबदल होते. बाकीचे घाव शोधाशोधीच्या कामी आले, गुपचूप भरून निघाले. एक नंबरच्या गुणसूत्रावर सुमारे पंचवीस कोटी अक्षरं आहेत, तिथे तीन-चार अदलाबदली सहज मावतात. एकविसावं सर्वांत छोटं. त्याच्या वाट्याला बहुधा एकच येते.

नियम दोनच. पहिला: प्रत्येक जोडीत निदान एक तरी झालीच पाहिजे. दुसरा: एक झाली की तिच्या लगेच शेजारी दुसरी नको. एका गल्लीत दोन मंडळांनी मांडव घातले की काय होतं ते आम्ही दर भाद्रपदात बघतो; तुम्हाला बहुधा तो अनुभव आमच्याआधीचा आहे. जागा वाटून घेण्याचा हा नियम कसा पाळला जातो यावर अजून वाद चालू आहेत.

एक्स आणि वाय, तुमची अडचण मला ठाऊक आहे. तुम्ही जोडी म्हणवता, पण एक लांबलचक आणि एक आखूड. तुमच्या टोकाला सुमारे सत्तावीस लाख अक्षरांची एक पट्टी दोघांत सारखी आहे. तेवढ्यात भागवा. भागवावंच लागेल.

हे चालू असताना दोघांमध्ये एक चेन लागते, दप्तराला असते तशी. तिच्यामुळे तुम्ही एका ठरावीक अंतरावर, मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढ्या, लांबीभर समांतर राहता. १९५६ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही चेन पहिल्यांदा दिसली. काम झालं की चेन उघडते आणि तुम्ही एकमेकांपासून दूर व्हायला लागता. पूर्ण दूर मात्र होत नाही. अदलाबदल झाली त्या जागी अडकून राहता, फुलीसारखे. त्या फुलीला कायाझ्मा म्हणतात, ग्रीकांच्या ‘काय’ नावाच्या अक्षरावरून. यावर आमच्या वर्गात दरवर्षी एक विनोद होतो, तो इथे लिहीत नाही.

गाठ

आता माझं मुख्य म्हणणं. ‘विविधता यावी म्हणून’ या उत्तराला मी अर्धे गुण देतो ते यामुळे.

चेन उघडल्यावर तुम्हा दोघांना एकत्र धरून ठेवणारं काय उरतं? फक्त ही गाठ. फुलीच्या पलीकडे तुमचं शेपूट जोडीदाराला लागलेलं आहे आणि ते अजूनही बहिणीला कोहेसिनने चिकटलेलं आहे. म्हणून ओढलं तरी सुटत नाही. आता पेशीच्या दोन टोकांकडून दोर येतील. एक तुम्हाला धरेल, एक जोडीदाराला, आणि ओढाओढ सुरू होईल. अगदी रस्सीखेच. दोर ताणला गेला तर पेशीला कळतं की दोघं दोन बाजूंना नीट बांधले गेले आहेत. ढिला राहिला तर कळतं की दोघांनाही एकाच बाजूच्या दोराने धरलं आहे. तो दोर सोडून पुन्हा बांधायचा. सगळ्या जोड्यांचे दोर ताठ झाले की कोहेसिनच्या कड्या तुमच्या भुजांवरून कापल्या जातात, गाठी सुटतात, आणि एक एका बाजूला, दुसरं दुसऱ्या बाजूला जातं. बहिणींची ताटातूट नंतर, दुसऱ्या विभाजनात.

गाठच नसेल तर? चेन उघडताच दोघं सुटे. दोर ओढतील, पण ताण येणार नाही, कारण पलीकडे कोणी धरलेलंच नाही. मग दोघं मिळून एकाच बाजूला गेले तरी विचारणारं कोणी नाही. बहिणीकडे उसनवारीला जाऊ नका म्हटलं ते याचसाठी: तिच्याशी मारलेली गाठ तुम्हाला तुमच्याशीच बांधते, जोडीदाराशी नाही. एकविसाव्या गुणसूत्राच्या वाट्याला एकच अदलाबदल असते म्हणालो ना, ती झाली नाही किंवा फार कडेला झाली तर अंडपेशीत एकविसावी दोन जाण्याचा धोका वाढतो. तिसरं वडिलांकडून येतं. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत एकविसावी तीन असतात ती बहुतेक वेळा अशी. यात आई-वडिलांनी काही केलेलं किंवा करायचं राहिलेलं नसतं, हेही मी दर वर्षी वर्गात सांगतो, कारण दर वर्षी कोणाच्या तरी घरी कोणी तरी आईला बोल लावलेला असतो.

खालच्या मागावर गाठ म्हणजे तुटल्याची खूण, नाइलाज. तुमच्याकडे तुटणं हे गाठ मारण्यासाठी केलेलं निमित्त आहे. अदलाबदल त्या गाठीबरोबर येते.

थांबणे

ही पायरी वृषणातल्या गुणसूत्रांनी सोडून द्यावी. तुमचं सगळं काही आठवड्यांत उरकतं. अंडाशयातल्यांनी बसून घ्या. तुमची जोडी, घाव, उसनवारी, गाठी हे सारं ती मुलगी जन्मायच्या आधीच होऊन जातं, ती आपल्या आईच्या पोटात असताना. मग गाठ तशीच ठेवून थांबायचं. अंडपेशी बाहेर पडेपर्यंत. बारा वर्षं, तीस वर्षं, चाळिसाच्या पुढेही. तेवढा काळ कोहेसिनच्या त्याच कड्या तुम्हाला धरून असतात आणि वयाबरोबर ढिल्या होत जातात.

म्हणजे मी ज्या अंडपेशीतून झालो तिच्यातली अदलाबदल माझ्या आजीच्या पोटात झाली. आजी तेव्हा वऱ्हाळादेवीच्या तलावावर धुणं धुवायला जायची, दोन्ही वेळा पाटी डोक्यावर. आईच्या आई-वडिलांचे धागे आईच्या इवल्याशा अंडाशयात कापले जात होते, जुळत होते, आणि वर आजी दगडावर कपडे आपटत होती. माझं नाक आजोबांसारखं आहे की आजीसारखं, याचा काही निकाल त्या तलावाच्या काठीच लागलेला असणार.

सूट कोणाला

फळमाशीत राहत असाल आणि ती नर असेल तर तुम्हाला हे काही करावं लागत नाही. तुतीच्या रेशीमकिड्याच्या मादीतही नाही. ते लोक गाठीशिवाय एकमेकांना धरून ठेवण्याची दुसरी युक्ती वापरतात. जगात सर्वांत सुरेख धागा काढणाऱ्या किड्याच्या मादीला गाठ मारता येत नाही, हे मला दर वेळी गमतीचं वाटतं.

गंमत अशी की तुमचा सगळा कारभार माणसाला कळला तो या फळमाशीकडूनच, अर्थात मादीकडून. यान्सेन्स नावाच्या बेल्जियन पाद्र्याने १९०९ मध्ये पेशीतल्या फुल्या पाहून सांगितलं होतं की इथे धागे तुटून जुळत असावेत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गनने माश्यांच्या पिढ्या मोजून तेच गाठलं. त्याच्या हाताखाली स्टर्टेव्हंट नावाचा पोरगा होता, पदवीसुद्धा झालेली नव्हती. त्याच्या डोक्यात आलं की दोन जनुकं एकमेकांपासून जितकी लांब तितकी त्यांच्या मध्ये अदलाबदल होण्याची शक्यता जास्त. कामतघरहून निघून जवळच्या कल्याण नाक्याला जायचं की लांबच्या कल्याणला, यावर वाटेत कोंडी लागण्याची शक्यता ठरते, तसंच. मग अदलाबदली मोजून अंतर काढता येईल! त्या रात्री कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून त्याने एक्स गुणसूत्राचा नकाशा काढला. तो १९१३ मध्ये छापून आला, सहा जनुकांचा, जगातला पहिला. ‘अभ्यास बाजूला ठेवून’ हा भाग मी वर्गात सांगत नाही. गुणसूत्राचा तुकडा खरोखर बदलतो हे डोळ्यांनी दाखवलं ते हॅरिएट क्राइटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी, १९३१ मध्ये, मक्याच्या कणसावर.

याचं फळ

कोकणातल्या गुणसूत्रांसाठी हा भाग. हापूसला साका होतो, म्हणजे आतला गर बिघडतो, आणि झाड एका वर्षी लागतं, दुसऱ्या वर्षी विसरतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर केला आणि १९८१ मध्ये कोकण कृषी विद्यापीठाने ‘रत्ना’ जात दिली. रत्नाच्या प्रत्येक पेशीत नीलमकडचे २० धागे आणि हापूसकडचे २०, शेजारी शेजारी, न बोलता. चाळीतल्यासारखे. मग रत्नाला मोहोर आला. मोहोराच्या एकेका फुलात नीलमचा आणि हापूसचा धागा पहिल्यांदा समोरासमोर बसला, कापला गेला, उसनवारी झाली, गाठ पडली. त्या फुलांचा पुन्हा हापूसशी संकर केला आणि १९९२ मध्ये ‘सिंधू’ आला. सिंधूची कोय इतकी पातळ की त्याला बिनकोयीचा आंबा म्हणतात. नीलमचा आणि हापूसचा मजकूर एकाच धाग्यावर आला तो रत्नाच्या फुलात.

आणि म्हणूनच हापूस कलमाने लावतात. कलम म्हणजे गुडघ्यातलं विभाजन: झेरॉक्स. तिथे तुम्हाला कापलं जात नाही, म्हणून कलमाच्या झाडाला हापूसच लागतो. कोय मात्र फुलातून आलेली असते. तिच्यात आईकडचे धागे अदलाबदल होऊन आलेले आणि परागकण कोणत्या झाडाचा हे माशीलाच माहीत.

माझ्या आईला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी पाचवीत असताना तिने देवगडच्या पेटीतल्या सर्वांत गोड आंब्याची कोय धुऊन, वाळवून चाळीच्या मागे लावली. आठव्या वर्षी झाड लागलं. फळ लांबट, धाग्यांनी भरलेलं, आंबट ढॅण. आई झाडाखाली उभी राहून बराच वेळ बघत होती. ‘हापूसचंच होतं रे,’ एवढंच म्हणाली.

झाड अजून आहे. आम्ही त्याचे आंबे लोणच्याला घालतो.